एक जूनची ओळ

पुणे, २० फेब्रुवारी २००५

आदरणीय तातेराव तौर यांना,
सप्रेम जयभीम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी प्रभावती मगरे. मूळची हसनाबादची, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तुम्हाला तीन ई-मेल पाठवले, तिन्ही परत आले. शेवटी तुमच्या 'तिथी' या प्रोग्रामच्या वरच्या ओळींत 'मु. पो. तीर्थपुरी' असा पत्ता दिसला, म्हणून कागदावर लिहीत आहे.

कंपनीच्या कामाबाहेर आम्ही काही जण मिळून 'राखण' नावाचं एक साधन सांभाळतो. संगणकावरच्या याद्यांना ते कुलूप लावतं. कोणाला पास आहे, पासाची मुदत संपली का, हे तपासून आत सोडतं. सगळं फुकट आणि उघडं आहे. कोणीही आतली ओळ न् ओळ वाचावी, सुधारावी. मुदत संपली की नाही हे राखण स्वतः ठरवत नाही, तुमच्या तिथीला विचारतं. तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल, पण दहा-बारा देशांतले दवाखाने, वाचनालयं, वसतिगृहं तुमच्या त्या चाळीस ओळींवर टेकून आहेत.

औरंगाबादला बायकांचं एक आधारगृह आहे. घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका तिथं राहतात. त्यांची नावं आणि ठावठिकाणा असलेल्या यादीला राखणचं कुलूप आहे. तिथल्या सेविकांचे पास दर वर्षी १ जूनला संपतात. मागच्या महिन्यात बेबीनंदा खंदारे नावाच्या जुन्या सेविकेचा मला फोन आला. "ताई, मी काम सोडून दोन वर्षं झाली. सहज बघितलं तर माझा पास अजून चालून राह्यलाय. हे बरं न्हाई."

त्या प्रामाणिक होत्या म्हणून बरं. शोध घेत गेलो तेव्हा कळलं की १ जूनला संपणारा कोणताही पास कधीच संपत नाही, आणि हा दोष तिथीत आहे.

आधारगृहात आम्ही हातानं दुरुस्ती केली. पण बाकी राखण कोण वापरतं हे आम्हाला माहीत नाही. फुकट वाटलेल्या गोष्टीची यादी कोण ठेवतो? ते सगळे संगणक मात्र रोज तुमच्या नेटवरच्या जागेवरून तिथीची ताजी प्रत आपोआप घेतात. म्हणून तुम्ही तुमच्या जागेवर दुरुस्ती ठेवलीत तर ती सगळ्यांपर्यंत पोचेल. तिथं ठेवण्याचा अधिकार फक्त तुमचा आहे.

वेळ थोडा आहे. लिस्बनच्या एका गृहस्थांनाही हा दोष सापडला आहे. आमच्यातली रीत अशी की नव्वद दिवस गप्प राहायचं आणि मग वापरणारे सावध व्हावेत म्हणून जगाला सांगायचं. ती मुदत १५ मेला संपते. त्यानंतर उघडं दार कुठं आहे ते चोरालाही कळेल.

आपली,
प्रभावती मगरे

*

॥ श्री ॥
तीर्थपुरी, ३ मार्च २००५

चि. सौ. की कु. ते कळलं नाही, म्हणून नुसतंच प्रभावतीताईंना, जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझा प्रोग्राम परदेशात चालतो हे वाचून हसू आलं. मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. जालन्याला सुट्टीत संगणकाचा वर्ग केला, जुना संगणक घेतला, आणि २००१ साली गावच्या नेत्रशिबिराच्या यादीसाठी तिथी लिहिला. वर्गातल्या सरांनी सांगितलं म्हणून नेटवर ठेवला. पुढं कोणी विचारलं नाही, मीही पाहिलं नाही.

तुम्ही ज्याला दोष म्हणता तो दोष नाही. मी ते जाणून केलं आहे.

आमच्या पिढीत जन्मतारीख कोणाला ठाऊक होती? बाप पोराला शाळेत आणून उभं करायचा. मास्तर पोराकडे एकदा बघायचे आणि लिहायचे, १ जून. माझी १ जून १९५६. माझ्या वर्गातल्या तेवीस जणांची १ जून. गावात एक जूनला कोणाचा वाढदिवस कोणी करत नाही, कारण मग अर्ध्या गावाचा करावा लागेल. तेव्हा या भागात १ जून ही तारीख नाही. तिचा अर्थ 'माहीत नाही' असा आहे. तिथीला मी तेवढंच शिकवलं आहे: तारीख आली तर गेली की यायची ते सांग, १ जून आली तर खोटं बोलू नको, 'माहीत नाही' म्हण.

यामागं कारण आहे. २००० साली शिबिराला गर्दी झाली, म्हणून साठीच्या वरच्यांना आधी घ्यायचं ठरलं. एका म्हातारीच्या कार्डावर कोणीतरी १ जून १९४२ लिहून ठेवलं होतं. बाई सत्तरीची, कागदावर अठ्ठावन्न. तिला परत पाठवलं. पुढच्या शिबिरापर्यंत मोतीबिंदू पिकला आणि डोळा गेला.

आता १ जूनवाल्यांना आम्ही बाकावर बसवून विचारतो. रझाकाराच्या वेळी तू केवढी होतीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा पोरं किती होती? त्यावरून वय निघतं आणि बराबर निघतं.

ती ओळ मी काढणार नाही. तुमच्या कुलपानं दुसरं काही बघावं.

आपला,
तातेराव तौर

*

पुणे, १० मार्च २००५

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

(कुमारी आहे. आई रोज त्याचीच आठवण करून देते.)

माझ्या वडिलांची जन्मतारीखही १ जून आहे. त्यामुळे तुमचं पत्र मला समजलं आणि लिस्बनच्या गृहस्थांना समजावताना घाम फुटला. त्यांनी विचारलं, "सगळ्या देशात एकाच दिवशी जन्म होतात?"

पण गुरुजी, तुमच्या शिबिरात 'माहीत नाही' म्हटलं की माणूस माणसाला विचारतो. आमच्या कुलपाशेजारी कोणी बसलेलं नसतं. तिथी 'माहीत नाही' म्हणतो आणि राखण समजतं, मुदत अजून संपली नसेल, सोडा आत. चूक आमचीही आहे. माहीत नसेल तर दार बंदच राहायला हवं. आमच्या बाजूनं ते आम्ही सुधारलं. पण ती सुधारणा जे जागे आहेत तेच घेतील. जे एकदा बसवून विसरले त्यांच्यापर्यंत फक्त तुमचा तिथीच पोचतो.

त्या म्हातारबाईंचं वाईट वाटलं. पण डोळा गेल्याची गोष्ट पाच वर्षांपूर्वीची आहे, आणि आज अशाच दुसऱ्या एखाद्या आधारगृहाचा पत्ता कोणाचा तरी नवरा काठी घेऊन शोधत असेल. एका ओळीच्या अभिमानापायी ते दार उघडं ठेवायचं का? स्पष्ट लिहिल्याबद्दल माफ करा. सहासष्ट दिवस उरले आहेत.

प्रभावती

*

पुणे, ११ एप्रिल २००५

आदरणीय गुरुजी,

महिना झाला, उत्तर नाही. टेलिफोन डिरेक्टरीतून नंबर शोधून काल फोन केला. तुमच्या पत्नी चतुराबाईंनी तो घेतला.

"गुरुजी आहेत का?"

"देवापुढं बसल्यात. कोण बोलतंय?"

नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "तूच का ती? काय लिव्हलं गं बाई तू? चार बार वाचलं त्यांनी पत्र. तव्हापून धड जेवून न्हाई राह्यले."

मी म्हटलं, एका प्रोग्रामबद्दल लिहिलं होतं.

"पोग्रामचं कोण एवढं मनाला लावून घेतंय? दुसरं काहीतरी असंल. मी त्यांना सांगते, पर फोनवर न्हाई बोलायचे ते. तू आपलं पत्रच लिव्ह."

म्हणून हे पत्र. अभिमानाचा शब्द मी मागं घेते. तुम्हाला बोलले, पण अभिमान माझाच होता. २००२ साली मी या कामात नवीन होते. तारखेचा एखादा प्रोग्राम शोधताना तुमच्या पत्त्यात 'जि. जालना' दिसलं आणि मला इतका आनंद झाला की मी तो न तपासता राखणमध्ये घेतला. 'आमच्याकडच्या माणसानं लिहिलाय,' म्हणून सगळ्यांना मिरवलं. एक जूनच्या वर तुम्ही मराठीत टीप लिहून ठेवली आहे: 'माहीत नाही. माणसाला विचारा.' आमच्या गटात ती कोणाला वाचता येत नव्हती. मला येत होती. मीच वाचली नाही.

हे आजवर मी गटात कबूल केलं नव्हतं. काल रात्री केलं. कोणी रागावलं नाही. लिस्बनच्या गृहस्थांनी फक्त विचारलं, "मग आता त्या माणसाला विचारलंस का?"

विचारते आहे, गुरुजी. माझं काय चुकलं?

प्रभावती

*

॥ श्री ॥
तीर्थपुरी, १८ एप्रिल २००५

चि. प्रभावतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. तू तुझं सांगितलंस, आता मलाही सांगणं भाग आहे. मागच्या पत्रात मी 'एक म्हातारी' लिहिलं, 'कोणीतरी' लिहिलं. ती म्हातारी माझी आई, साळूबाई. आणि कार्डावर १ जून १९४२ लिहिणारा मी.

शिबिराच्या आधी चारशे कार्डं भरायची होती. गल्लीवार नावं आली होती. मी शाळेत बसून एका बैठकीत भरली. वय ठाऊक नसलेल्या बायांना मी सरसकट एकच तारीख टाकत गेलो. साळूबाई नावाच्या आमच्या भागात तिघी. हात चालत होता, डोकं नव्हतं. माझ्याच आईचं कार्ड मी दुसऱ्या कोणाचं समजून लिहिलं.

शिबिराच्या दिवशी मी जनगणनेच्या बैठकीला परतूरला गेल्तो. नोंदीच्या टेबलावर कारभारी कोटुळे होते. त्यांनी नंतर मला सांगितलं. आई म्हणाली, "माझी साठी कव्हाच झाली." ते म्हणाले, "आजी, हे तर तुमच्या मास्तराचंच अक्षर हाय." त्यावर ती म्हणाली, "मंग बराबरच असंल," आणि घरी आली. मला काही बोलली नाही. मीही कधी बोललो नाही. तिथी लिहिला, आणि समजलो की फेडलं.

म्हणून ती ओळ काढ म्हटल्यावर जीव अडकला. रोज देवापुढं बसत होतो, पण मागायचं काय तेच कळत नव्हतं.

तुझं तिसरं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईजवळ गेलो. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला एका डोळ्यानं दिसतं, बाकीचं काम बोटं करतात. मी म्हटलं, "माय, त्या सालचं तुझं कार्ड मी लिहिलं होतं."

"म्हाईत हाय की. कारभारी बोलला व्हता तव्हाच."

"मग पाच वर्षं मला बोलली का न्हाईस?"

"तू तरी कुठं इचारलंस? मला वाटलं, मास्तर झालास, इसरला असशील." मग शेंग फोडत म्हणाली, "अन् आज कशानं आठवलं?"

मी तिला सगळं सांगितलं. आधारगृह, पास, उघडं दार. तिला संगणक कळत नाही, दार कळतं. म्हणाली, "माझा डोळा गेला तो गेला. त्यो काय तुझ्या त्या डब्यातून परत येणार हाय? तिकडं लेकीबाळी जीव मुठीत धरून बसल्यात आन् तू हितं सुतक धरून बसलास. ऊठ. जल्दी लाव दार."

चतुराबाई आतून म्हणाली, "मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं!" महिन्याभरानं घरात कोणी हसलं.

आता कामाचं. शिबिराला 'माहीत नाही' लागतंच, ते काढलं तर पुन्हा कोणीतरी परत जाईल. तेव्हा मी दोन वेगळे प्रोग्राम करतो. तिथी १ जूनला बाकीच्या दिवसांसारखाच दिवस मानील. आणि माणसाला विचारायचं काम 'बाक' नावाच्या नव्या प्रोग्रामकडे, तो फक्त शिबिरासाठी. जमेल का ते कळव. ओळी सोबत हातानं लिहून पाठवल्या आहेत. कागदावर वाचल्याशिवाय मला चूक दिसत नाही.

तातेराव

*

पुणे, २३ एप्रिल २००५

गुरुजी,

पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. आईंना माझा नमस्कार सांगा.

ओळी तपासल्या. एकच सुचवते: नवव्या ओळीत दिवस आधी आणि महिना नंतर तपासला आहे, तो क्रम उलटा हवा. बाकी स्वच्छ आहे. या कामात पगार घेणाऱ्या माणसांचंही इतकं स्वच्छ नसतं. ठेवून द्या. बावीस दिवस आहेत.

प्रभावती

*

॥ श्री ॥
परतूर, २ मे २००५

चि. प्रभावतीस,
आशीर्वाद.

पोस्टात बसून लिहितो आहे. तीर्थपुरीत वादळानं तारा पडल्या, फोन बंद आहे, म्हणून इथं नेटच्या दुकानात आलो. दुकान शिवाजी बरकुले नावाच्या गृहस्थाचं. धोतरातला माणूस आत आलेला पाहून म्हणाला, "काका, निकाल बघायचा का? नातवाचा नंबर सांगा."

मी म्हटलं, "नातवाचा न्हाई, माझाच निकाल आहे."

पासवर्ड चार वर्षांनी आठवला हे देवाचंच. दुरुस्त तिथी ठेवून दिला. आपल्या शाळेच्या रजिस्टरात नाव काढलेला मुलगा परत दाखल झाला की त्याला नवा नंबर देतात, जुन्या नंबरावर खाडाखोड करत नाहीत. तसंच केलं. जुना तिथी १.३ होता, हा तिथी २ केला. मन हलकं झालं.

तातेराव

*

पुणे, ६ मे २००५ (स्पीड पोस्ट)

गुरुजी,

फोन अजून लागत नाही म्हणून हे घाईनं. काम झालं आहे आणि झालंही नाही. रजिस्टराची रीत इथं आडवी आली.

जगभरच्या त्या संगणकांना आम्ही असं सांगून ठेवलं आहे: तिथीची पहिल्या क्रमांकातली जी ताजी प्रत असेल ती आपोआप घ्या, १.३, १.४, काहीही. पण आकडा २ झाला की समजा, हा वेगळाच प्रोग्राम आहे, माणसाच्या परवानगीशिवाय घेऊ नका. तुमचा २ तिथं ठेवलेला आहे आणि कोणीच तो उचलत नाही. चार दिवसांत एकाही संगणकानं नेलेला नाही.

तोच प्रोग्राम १.४ या नावानं पुन्हा ठेवा. बाकी एक अक्षर बदलू नका. नऊ दिवस. हे पत्र तुम्हाला १० तारखेच्या आत मिळो.

प्रभावती

*

॥ श्री ॥
तीर्थपुरी, ११ मे २००५

चि. प्रभावतीस,

पत्र काल दुपारी मिळालं. तीनची एसटी पकडली. शिवाजीच्या दुकानात वीज नव्हती. तो म्हणाला, "उद्या या काका, जग काय बुडून नाही राह्यलं."

मी म्हटलं, "बुडत नाही, पण दार उघडं आहे."

त्याला काही कळलं नसावं, पण शेजारच्या गिरणीवाल्याचं जनित्र होतं, त्यावरून त्यानं तार ओढली. गिरणी बंद ठेवावी लागली. दळणाला आलेल्या बाया मला बोलत होत्या, आणि मी १.४ ठेवला. साडेपाचची वेळ होती. मग त्यांची माफी मागितली. एकीनं विचारलं, "झालं का तुमचं काम?" मी म्हटलं, झालं. म्हणाली, "मंग आता आमचं होऊ द्या."

आता ईश्वराच्या हाती, आणि त्या संगणकांच्या.

तातेराव

*

पुणे, २४ मे २००५

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

१५ तारखेला लिस्बनच्या गृहस्थांनी ठरल्याप्रमाणे जाहीर केलं. खाली त्यांनी लिहिलं: 'दुरुस्ती पाच दिवस आधी तीर्थपुरीहून झाली आहे.' तीर्थपुरीचं स्पेलिंग त्यांनी मला दोनदा विचारलं.

एकाही ठिकाणाहून चोरीची बातमी नाही. पण बातमी नाही म्हणजे दार लागलं, असं कसं मानायचं? आठवडाभर मी त्याच विचारात होते. आज सकाळी एक ई-मेल आला. पेरू नावाच्या देशात, डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्यातून. तो दवाखाना आमच्या ऐकिवातही नव्हता. ते रागावून लिहितात: 'तुमचं कुलूप ११ मेपासून बिघडलं आहे. आमच्या औषधांची यादी लिहिणाऱ्या बाई सात वर्षं इथं आहेत. त्यांना ते आत घेत नाही. त्या दोन दिवस कामाविना बाहेर बसून होत्या. ताबडतोब दुरुस्त करा.'

मी पाहिलं. त्यांचा पास २००२ सालच्या १ जूनला संपला होता. नवा कोणी करून दिलाच नाही, कारण जुना चालत होता.

गुरुजी, ही तक्रार वाचून मी खुर्चीतून उठून नाचले. जिथं आम्ही कोणी पोचू शकत नव्हतो तिथं तुमचा १.४ पोचला. मग खाली बसले आणि त्या बाईंची आठवण झाली. त्यांना काय उत्तर लिहू? गटातले म्हणतात, 'कुलूप बरोबर आहे, पास नवा करा,' एवढं पुरे. मला ते पुरेसं वाटत नाही.

प्रभावती

*

॥ श्री ॥
तीर्थपुरी, ३० मे २००५

चि. प्रभावतीस,
अनेक आशीर्वाद.

मलाही ते पुरेसं वाटत नाही. खालचा मजकूर त्यांच्या भाषेत घालून पाठव. मजकूर माझा आहे, चूकही माझी, तेव्हा खाली नाव माझंच घाल.

'दवाखान्याच्या प्रमुखांना नमस्कार. कुलूप बिघडलेलं नाही, आता सुधारलं आहे. आधी बिघडलेलं होतं. तीन वर्षं ते संपलेल्या पासावर दार उघडत होतं. यात तुमच्या बाईंचा काही अपराध नाही. आमच्या दुरुस्तीमुळे त्यांना दोन दिवस बाहेर बसावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना आजच नवा पास करून द्या. मात्र कागद दुसऱ्या खोलीत बसून भरू नका. त्यांना समोर बसवा, प्रत्येक गोष्ट विचारा, लिहिलेलं वाचून दाखवा. चारशे कागद असले तरी असंच करा.'

हे त्यांना. आणि हे तुला: त्या बाईंचं नाव काय, ते कळव. त्यांच्या साहेबांना लिहिलं, पण त्यांना स्वतःला मला वेगळं पत्र लिहायचं आहे, आणि क्षमा मागायची तर ती नाव घेऊन मागावी.

तुझा,
तातेराव